जेवायला कोणाला बोलवाल? आणि ताटात काय वाढाल?

भाकरीवाली आज्जी (जोडभावी पेठ, सोलापूर)

नमस्कार मंडळी. एक प्रश्न आहे, हसू नका.

नातू सहावीत आहे. शाळेतून निबंध दिलाय, 'इतिहासातील एका व्यक्तीला जेवायला बोलवायचे असेल तर कोणाला बोलवाल?' वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी शिवाजी महाराजांना बोलावलंय. ह्यानंही. त्यात वावगं काही नाही, महाराज येणार म्हटलं तर अख्खा जिल्हा सडा-रांगोळी करून वाट बघत बसेल. मी परातीत पीठ मळत होते. सहज विचारलं, "बरं, वाढणार काय?" म्हणाला, "पावभाजी. एक्स्ट्रा बटर मारून."

मी हसले. पण मग थापता थापता डोक्यात किडा वळवळायला लागला. लोक पाहुणा निवडतात, त्याला विचारायचे मोठमोठे प्रश्न निवडतात, आणि जेवणाचं कुणी बोलतच नाही. मी रोज दोनशे-अडीचशे कडक भाकऱ्या करते, हाताखाली तीन बायका आहेत. ह्यांची मिल बंद पडली तेव्हा घरात पहिला तवा मांडला, त्याला तीस वर्षं होतील आता. मला पाहुणा म्हटलं की आधी ताटच दिसतं. तिखट चालतं का, दात कसे आहेत, खाली बसता येतं का.

माझा पाहुणा ठरलेला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकात त्यांचं घर आहे, तिथं आता स्मारक केलंय. १९३८ साली सत्तावीस वर्षांचा मुलगा डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपानशी चाललेल्या लढाईतल्या जखमींवर इलाज करायला, आणि परत आलाच नाही. १९४२ च्या डिसेंबरात तिकडंच वारला. बत्तीस वर्षांचा. माझ्याकडं येणारे निम्मे लोक आईबाप असतात. पोरं पुण्याला, बेंगलोरला, अमेरिकेला. भाकऱ्यांची थप्पी आणि शेंगाचटणी नेतात. पुडा बांधताना दरवेळी मनात येतं, कोटणिसांच्या आईनं बोटीवर काय बांधून दिलं असेल? कडक भाकरी महिनाभर टिकते, चार वर्षं नाही टिकत.

तर त्यांचं ताट असं: कडक भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही, बुक्कीनं फोडलेला कांदा, वांग्याची भाजी.

तुमचा पाहुणा सांगा. अटी तीन. महाराज नकोत (त्यांचा मान सगळ्यांच्या वर, म्हणून बाजूला ठेवू). ताटात काय ते सांगायचं. आणि जेवताना विचारायचा एकच प्रश्न.

दप्तरी

आज्जी, आधी नातवाची पावभाजी निकालात काढू. बटाटा, टोमॅटो, ढोबळी आणि तिखट मिरची, सगळी अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी आपल्याकडं कुणी पाहिली नव्हती. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि लवकर रुळली. बटाटा-टोमॅटो घरोघरी पोचायला इंग्रजी अंमल उजाडावा लागला. पाव हा शब्दच पोर्तुगीज. म्हणजे त्या ताटात महाराजांच्या बिनतक्रार ओळखीचं थोडंच: लोणी, कांदा, लिंबू.

आता वाईट बातमी. भुईमूगही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. कोटणीस १९१० चे, त्यांना चालेल. त्याहून फार जुना पाहुणा बोलावलात तर शेंगाचटणी ताटाबाहेर ठेवावी लागेल.

भाकरीवाली आज्जी

शेंगाचटणी परदेशी! अहो, हे सोलापुरात चारचौघांत बोलू नका, मोर्चा निघेल.

काल रात्री उखळाकडं बघत बसले होते. सासूच्या सासूचं उखळ आहे ते. मग आमचे सिद्धरामेश्वर भाकरी कशाबरोबर खात होते हो?

दप्तरी

तीळ, जवस, कारळं यांच्या चटण्या. तिखटपणाला मिरी. ज्वारी आपल्याकडं जुनीच आहे, ती काळजी नको. पण तुमची मालदांडी ती नव्हे. ती म्हणजे एम ३५-१, हे वाण मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेलं आहे.

भाकरीवाली आज्जी

तुम्ही आता गप्प बसा बरं थोडा वेळ.

गड्ड्यावरचा पाळणा

आज्जी, विषय लई भारी काढलाव. आणि नाव घेतलावच आहे तर माझा पाहुणा सिद्धरामेश्वर. बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!

गेली सहा वर्षं मी संक्रांतीला बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मागं सम्मती कट्ट्यापर्यंत चालतो. बाहेरगावच्या मित्रांना दरवेळी समजावून सांगावं लागतं की हे लग्न आहे, आणि नवरदेव बाराव्या शतकातला आहे. कुंभाराच्या मुलीनं लग्नाचा हट्ट धरला, महाराज म्हणाले मी योगी, माझ्या योगदंडाशी लाव. ते लग्न आपण अजून दर वर्षी लावतो.

पण जेवायला बोलवायची पंचाईत आहे. हा माणूस स्वतः तळं खोदायला उतरलेला. सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, अडुसष्ट लिंगं बसवली, तळं खणलं, आणि खपणाऱ्या माणसांची पोटं भरली. संत अल्लमप्रभू आले तेव्हा मुद्दाम खिजवलं म्हणतात, "तुमचा तो माती खणणारा राम कुठंय?" खणणारे चिडून दगड घेऊन धावले. अल्लमप्रभूंनीच मग सिद्धरामेश्वरांना कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांच्या अनुभव मंटपात नेलं. अशा माणसाला मी दारात जाऊन "चला जेवायला" म्हटलं तर पहिला सवाल येणार, "तळ्यावर माणसं किती? सगळ्यांची ताटं मांडली का?" दासोह, म्हणजे अन्नदान, घालणाऱ्याला एकट्याला ताट कसं वाढायचं? माझी खोली दहा बाय दहा. त्यात बाईक.

तेव्हा ठरलं असं. ताटं तळ्याच्या काठावर मांडायची. गव्हाची हुग्गी, भाकरी, जवसाची चटणी (दप्तरी सरांची परवानगी घेऊन). मी फक्त वाढपी. आणि एकच प्रश्न: दर वर्षी हजारो माणसं तुमच्या लग्नाच्या अक्षता टाकतात, नऊशे वर्षं होत आली, तुम्हाला अवघडल्यासारखं होत नाही का?

खरेदीखत

वालचंद हिराचंद. जन्म इथलाच, १८८२. जहाज काढलं, विमानाचा कारखाना काढला, मोटारीचा काढला. जैन घर, म्हणजे सूर्य मावळायच्या आत ताट मांडावं लागेल का, ते आधी विचारून घ्यावं लागेल. माझं कोर्टातलं काम सुटता सुटता सहा वाजतात. थंडीत जमणार नाही. मे महिन्यात बघू.

रिकामा धोटा (पूर्व भाग)

मी निवृत्त माणूस. चाळीस वर्षं मागावर काढली, बापानंही तेच केलं, तो तेलंगणातून आला होता. माझा पाहुणा तुमच्यापैकी कुणाला सुचणार नाही. जोसेफ मारी जेकार्ड.

हो, तोच. ज्याच्या नावाचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसलंय. मी कितीतरी वर्षं जेकार्ड हे कंपनीचं नाव समजत होतो. फ्रान्समधल्या लिऑं गावचा रेशीम विणणाऱ्याचा पोरगा, जन्म १७५२. लहानपणी मागावर बसून दोऱ्या ओढायचं काम पोरं करायची, तेव्हा कुठं कापडावर फूल उमटायचं. ह्यानं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावली. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिच्याबरोबरचा दोरा उचलला जातो. भोक नसेल तिथला दोरा जागेवरच. बास, एवढीच अक्कल. पण त्या अकलेवर आपली चादर उभी आहे. मोर, कमळ, घड्याळ, पानं, जे काय तुम्ही पांघरून झोपलाव ते सगळं आधी पुठ्ठ्यावरची भोकं असतंय. पुढं इंग्लंडात बॅबेजनं गणिताच्या यंत्रासाठी हीच पुठ्ठ्याची युक्ती उचलली. माझा पोरगा हैदराबादला कॉम्प्युटरवर बसतो, त्याला मी सांगतो, तू पण मागावरच बसलायस.

लिऑंच्या विणकरांनी त्याचे माग फोडले, जाळले. कारण दोऱ्या ओढणाऱ्यांचं काम गेलं. नेपोलियननं मात्र पेन्शन दिली.

तर त्याला संक्रांतीला बोलवीन, कारण तेव्हा आमच्या घरात सकिनालु असतात. तांदळाच्या पिठाचे, हातानं गोल गोल पीळ घालत केलेले. आमच्या अम्माचा हात इतका सारखा चालायचा की वाटायचं हिच्याही डोक्यात पुठ्ठा बसवलाय. सोबत चिंचेचं सार आणि भात. त्याला चमचा लागेल, देऊ.

प्रश्न एक. ज्या दिवशी त्यांनी तुझा माग जाळला, त्या दिवशी संध्याकाळी तू घरी जाऊन जेवलास का? आमच्या इथं माग भंगारात गेले तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. माझा माग कुणी जाळला नाही, नवा आला म्हणून जुना किलोवर गेला. कुणावर रागवायचं तेच कळलं नाही.

भाकरीवाली आज्जी

अण्णा, सकिनालु शिकायला मी येणार. आणि त्या गोऱ्या पाहुण्याला माझ्याकडून एक चादर द्या. स्वतःच्या भोकांचं काय झालं ते बघू दे.

शाहिरी कट्टा

तुम्ही सगळे फार सात्त्विक चाललाय. सोलापूरचा सगळ्यात गंमतशीर पाहुणा राम जोशी आहे. पेशवाईच्या उतरत्या काळातला आपल्या गावचा शाहीर. भाऊ मुद्गलभट पुराणिक, घरात शास्त्र-पुराण, आणि हा धोंडी शाहिराच्या तमाशात जाऊन बसायचा. मुद्गलभटानं घराबाहेर काढला. मग पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, परत आला, कीर्तनं केली, मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी बसवल्या, आणि तरी डफाची ओढ काही सुटली नाही. मराठी लावणीत संस्कृत आणलं, कन्नड आणलं. आजही सोलापुरात एका वाक्यात तीन भाषा बोलणारा माणूस दर चौकात भेटतो, त्या सगळ्यांचा हा मूळपुरुष म्हणायचा.

ताटात काय? शिळी भाकरी कुस्करून ताकात. कारण तो रात्री दोन वाजता येणार. प्रश्न विचारायची सोय नाही, तोच बोलेल.

हिस्ट्रीच्या मॅडम

एकाही ताटावर अजून बाई बसलेली नाही हे कुणाच्या लक्षात आलंय का? वाढणाऱ्या मात्र सगळ्या बायका.

मी चांदबीबीला बोलावते. नगरची म्हणून तुम्ही तिला ओळखता. आपला संबंध त्याआधीचा आहे. आपला भुईकोट किल्ला, जिथं आपण संध्याकाळी फिरायला जातो, तो तिचा हुंडा होता.

गोष्ट जुनी आहे. १५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशहानं बहीण नगरच्या निजामशहाला दिली. सोलापूर हुंड्यात द्यायचं कबूल केलं आणि दिलंच नाही. त्या न दिलेल्या हुंड्यावरून दोन्ही घराणी चाळीस वर्षं लढत राहिली. मग विजयनगरविरुद्ध एकत्र यायची वेळ आली, तेव्हा हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला दिला. सून उलट्या दिशेनं आली, किल्ला तोच. १५६५ ची तालिकोटची लढाई त्या सोयरिकीच्या पायावर उभी राहिली.

पुढं १५८० मध्ये नवरा मारला गेला. पुतण्या लहान म्हणून तिनं विजापूरचा कारभार बघितला, तर दरबाऱ्यांनी तिलाच काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेवलं. माहेरी आली तर मुघल दारात. १५९६ मध्ये नगरच्या तटाला सुरुंगानं खिंडार पडलं, ते रातोरात बांधून काढलं. आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांनी फितुरीचा संशय घेऊन तिला मारलं.

मी चोवीस वर्षं वर्गात हे शिकवते. मुली लिहून घेतात, 'सोलापूर हे हुंड्यात दिले'. एकदा एका मुलीनं मागच्या बाकावरून विचारलं, "मॅडम, तिला विचारलं होतं का?" घंटा झाली म्हणून मी सुटले.

ताट: दप्तरी सर, मटण जुनं आहे ना? मग मटण, मिरीचं. पांढरा रस्सा आणि ज्वारीची मऊ भाकरी. तिला दख्खनी बोलता येत असणारच, आणि मराठी-कन्नडही येत होतं म्हणतात, म्हणजे सोलापुरात अडचण नाही. किल्ल्याच्या तटावर सतरंजी टाकून जेवू. आणि एकच विचारीन, तुमच्या नावावर आलेला हा किल्ला तुम्ही स्वतः कधी डोळ्यांनी बघितला होता का?

गड्ड्यावरचा पाळणा

मॅडम, किल्ल्यावर संध्याकाळी सातला शिट्टी मारून बाहेर काढतात. दुपारचं जेवण ठेवा.

भोंगा

माझं नियमात बसत असेल तर बघा. मला कुर्बान हुसेन हवाय. चार पुतळा चौकातल्या चौघांपैकी एक. शाळेत त्याचं नाव घोकताना वाटायचं कुणीतरी दाढीवाले वयस्कर गृहस्थ असतील. 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारा, विशी नुकतीच ओलांडलेला पोरगा होता तो. १९३० च्या मे महिन्यात गांधींना पकडल्यावर गाव पेटलं, गोळीबार झाला, अंमलदार शहर सोडून गेले, तीन-चार दिवस सोलापूर सोलापूरकरांच्या हातात राहिलं. मग मार्शल लॉ. गांधी टोपी दिसली तरी शिक्षा. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि हा, येरवड्यात फाशी. गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेची, तयारी चाललेली असते तेव्हा तो दिवस येतो, म्हणून विसरायलाही होत नाही.

चौघांना वेगळं बोलावणं बरं दिसणार नाही, तेव्हा चार ताटं. काय वाढायचं ते ज्यानं त्यानं आपल्या घरून आणावं. चौघांची चार स्वयंपाकघरं.

बेथ्यूनचा शेजारी

आज्जी, मी डॉक्टर आहे. बार्शीचा, पण एम.बी.बी.एस. चीनमधून केलं, बारावीत मार्क कमी पडले म्हणून. तुमच्या पाहुण्याबद्दल मला चार गोष्टी सांगायच्यात.

मी शिजियाझुआंगला गेलो होतो. तिथं हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणिसांचा मोठा पुतळा आहे, आणि त्याच आवारात नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरचं स्मारक आहे. बेथ्यून १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावानं उभारलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिकडं त्यांना के दीहुआ म्हणतात. हुआ म्हणजे चीन, ते त्यांनी नावाला जोडून घेतलं होतं. बायको गुओ चिंगलान, शुश्रूषा शिकवणाऱ्या. मुलगा झाला त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत. ते नाव सेनापती न्ये रोंगझेन यांनी ठेवलं. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता तेव्हा बाप गेला. फिट्स यायच्या त्यांना. १९४० च्या एका लढाईत सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया करत होते. मी इंटर्नशिपमध्ये छत्तीस तासांना रडलेलो आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात घरची आठवण येऊन मी बाजारात नुसता फिरत होतो. एका दुकानात लालसर बारीक दाण्यांचं पोतं उघडं होतं. मूठभर घेतलं आणि वास घेतला. आज्जी, ज्वारी! ते तिला काओलियांग म्हणतात. उत्तर चीनमध्ये पूर्वापार पिकते. पेज करतात, दारू गाळतात. आपल्यासारखी थापलेली भाकरी मला कुठं दिसली नाही. कोटणीस ज्या हपै प्रांताच्या डोंगराळ खेड्यांत राहिले तिथलं खाणं म्हणजे असलीच भरड धान्यं. म्हणजे ज्वारी बघून त्यांनाही माझ्यासारखंच झालं असेल. पीठ होतं, पाणी होतं, थापणारा हात नव्हता.

आणि त्यांना विचारायचा माझा प्रश्न. पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. ते १९३९ मध्ये परत आले. त्यानंतरची तीन वर्षं तुम्ही मराठीत कुणाशी बोललात?

भाकरीवाली आज्जी

बाळा, हे वाचून तवा करपला माझा.

आता त्यांना काही विचारणार नाही मी. नुसती बोलत बसेन. गावातल्या गटारीचं, पाणी पाच दिवसांनी येतंय त्याचं, सुनेच्या बाळंतपणाचं. कान भरून मराठी ऐकू दे त्यांना.

वेशीबाहेर (मंगळवेढा)

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मंगळवेढ्याचा माणूस म्हटल्यावर सगळ्यांना वाटणार दामाजीपंतांना बोलावील. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना मोकळं केलं, जेवणाच्या धाग्यात त्यांच्याहून मानाचा कोण? पण नाही.

दुसरं नाव चोखोबांचं येईल. आमच्याच गावची वेस बांधताना १३३८ मध्ये कुसू कोसळलं आणि ते त्याखाली गेले. तुम्हाला त्यांच्या जेवणाची कथा माहीत असेल. तुमचा हा पाहुणा बोलवायचा खेळ ते सहा-सातशे वर्षांपूर्वी खेळले, आणि त्यांचा पाहुणा थेट विठ्ठल. झाडाखाली दोघं जेवायला बसले, सोयराबाई वाढत होत्या, वाढताना विठ्ठलाच्या पीतांबरावर दही सांडलं. चोखोबा काहीतरी बोलले ते जाणाऱ्या बडव्यानं ऐकलं आणि त्यांच्या थोबाडीत मारली. देवळात जाऊन बघतो तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पीतांबराला दही.

लहानपणी कीर्तनात ऐकताना लोक दह्याला हसायचे, मीही हसायचो. माझे आजोबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, देवाचा गाल सुजला ते सगळे सांगतात, चोखोबाच्या गालाचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

तर चोखोबांना मी बोलावलं, तर ते उंबऱ्याबाहेर बसतील. जोहार घालतील. फार भूक लागलीय, तुमच्या उष्ट्यासाठी आलोय, असं त्यांनी स्वतःच म्हणून ठेवलंय. माझ्या घरी येऊन कुणी असं म्हटलेलं मला सोसणार नाही. मला त्यांचा मुलगा हवाय. कर्ममेळा. त्याचे अभंग थोडेच, पण बापानं ज्या उष्ट्यासाठी हात पसरला, त्याच उष्ट्यावरून पोरानं देवाला खडसावलंय. आम्हाला हीन जातीत घातलंस, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असं विचारतो तो. तेही चौदाव्या शतकात.

पंढरपूरच्या देवळात आम्हाला पाऊल टाकायला १९४७ उजाडलं. साने गुरुजी मे महिन्यात दहा दिवस उपाशी बसले तेव्हा. चोखोबा गेल्याला सहाशे नऊ वर्षं झाली होती.

ताटात फार काही नको. तव्यावरची पहिली भाकरी. उरलेली नाही, सकाळची नाही, कुणाच्या ताटातली नाही. वाफ निघत असलेली. आणि दही. सांडलं तर सांडलं.

प्रश्न मी काही विचारणार नाही. त्याचाच प्रश्न अजून उत्तर मिळायचा राहिलाय.

रिकामा धोटा (पूर्व भाग)

दादा, लिहिलंत हे बरं केलंत.

दप्तरी

दही जुनंच आहे. चालेल.

भाकरीवाली आज्जी

वेशीबाहेर दादा, मी काल रात्री वाचलं आणि काही सुचेना म्हणून लिहिलं नाही. आज लिहिते.

माझा सगळा धंदा कडक भाकरीचा. ती करतानाच ठरलेलं असतं की खाणारा समोर नाही. थापायची, भाजायची, चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची आणि डब्यात भरायची. तीस वर्षांत माझ्या घरातल्या माणसांनीसुद्धा पहिली भाकरी गरम खाल्लेली मला आठवत नाही. मोडकी-तोडकी त्यांना, अख्खी गिऱ्हाइकाला. आज पहाटे पहिली काढली ती डब्यात टाकली नाही. परातीच्या शेजारी ताटलीत ठेवली. हाताखालची बाई म्हणाली, "अक्का, ही कुणाची?" मी म्हटलं, मंगळवेढ्याचा पाहुणा यायचाय. ती म्हणाली, मग थंड होईल ना. तर तिला म्हटलं, बस आणि तूच खा. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि खाल्ली. सहा वर्षं कामाला आहे माझ्याकडं. तिच्यासाठी पहिली भाकरी कधी काढली नव्हती मी, आता लपवून काय करू.

डॉक्टर कोटणिसांचं ताट मी बदललंय. कडक भाकरी काढली, मऊ घातली. चीनमधून आलेल्या माणसाला परत प्रवासाचीच भाकरी कशाला. शेंगाचटणी राहू दे, परदेशी असली तरी.

नातवाचं सांगायचं राहिलं. हा सगळा धागा मी त्याला वाचून दाखवला, त्यातला त्याला फक्त बटाटा कळला. वहीत पावभाजी खोडून 'भाकरी व शेंगाचटणी' लिहिलं. मी म्हटलं, अरे शेंगा पण नाहीत. मग तेही खोडून 'तिळाची चटणी' लिहिलं. महाराज तसेच ठेवले, ते बरोबर आहे. आज वही तपासून आलीय. खाली बाईंनी लाल शाईनं लिहिलंय, 'खाडाखोड टाळावी. पावभाजी का खोडली?'

आता त्याला उत्तर लिहून न्यायचंय. दप्तरी, तुम्ही पोर्तुगीजांचं नीट सहावीतल्या पोराच्या भाषेत चार ओळींत द्या. उद्या सकाळी सातची शाळा आहे.